अंगठ्याच्या मापाचं भोक

रविवार, सकाळी अकरा. हजर: मी, बोलिंगच्या बॉलला भोकं पाडून देणारे शिंदेकाका आणि माझा स्वतःचा नवा बॉल. गैरहजर: वन्सं.

गेल्या दिवाळीत मॉलमध्ये बोलिंग खेळताना तिथला सैल भोकाचा बॉल माझ्या अंगठ्यावरून वेळेवर सुटला नाही आणि त्याच्यामागोमाग मी गुळगुळीत लाकडी पट्टीवर पालथी पडले. तेव्हापासून प्रत्येक बारशात वन्संची एकच गोष्ट. "आमच्या वहिनी स्वतःच पिना पाडायला निघाल्या."

आज नव्या बॉलमध्ये अंगठा घातला, तर तोही सैल.

"माप दिलंत त्या दिवशी काय करत होतात?" काकांनी विचारलं.

"चकल्या. दोन किलोच्या."

"मग अंगठा सुजलेला होता, ताई."

त्यांनी भोकात टेपची एकेक पट्टी चिकटवली. चौथ्या पट्टीला अंगठा नीट टेकला आणि अलगद बाहेर आला. "सैल असलं की माणूस आवळून धरतो," काका म्हणाले, "आणि आवळलं की सुटत नाही."

रागाचंही तसंच असावं. वर्षभर मी तो आवळून धरला, उत्तरं मनात घोळवली, आणि ऐन वेळी तोंडातून निघालं, "चहा घेणार का?" आता आवळायचं नाही. रेषेपर्यंत शांतपणे जायचं आणि सोडायचं, दहाच्या दहा पिनांवर, वन्संच्या डोळ्यांदेखत.

यादीतलं बॉल, टेप, बूट सगळं झालं. पुढच्या रविवारचं वन्संना आमंत्रण द्यायचं तेवढं राहिलंय. फोन हातात आहे. आवाजात गोडवा यायची वाट बघतेय.