आधी मुंडकं, मंग पाणी

“आधी मुंडकं, मंग पाणी!” टँकरच्या टपावर उभा राहून तो ओरडायचा, आणि घागरींवरून एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया खाली गप्प व्हायच्या.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कार्यालयात खुर्च्या कमी आणि बदलून आलेले आम्ही जास्त. त्यात दुष्काळ पडला. नांदेडच्या मास्तरांच्या घरातला मी, जन्मात कधी विहिरीचं पाणी शेंदलं नव्हतं, तो टँकरवरचा कारकून झालो. टपावरून ओरडणारा हा माझा ड्रायव्हर. भोकरकडचा, बौद्ध, चाळिशीचा, आवाज असा की इंजिन बंद करायची गरज नाही.

रविवारी सकाळी टीव्हीवर तेव्हा एक जादूची मालिका लागायची. तुम्हीही तसल्या मालिका पाहिल्या असतील. उडणारे घोडे, बोलणारी कवटी, आणि दर भागाला एक तरी लढाई. कार्यालयाजवळच्या चहाच्या हॉटेलात उभ्याने ती पाहायची आणि मगच टँकर काढायचा, असा त्याचा नेम. त्याचा जीव मालिकेतल्या किल्ल्याच्या दारावरच्या पहारेकऱ्यावर. आईबापाचा पत्ता नसलेला, फाटक्या अंगरख्याचा माणूस दर आठवड्याला सेनापतीची माणसं लोळवायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने सेनापतीची बाजू घेतली तर याने त्याचं नाकच फोडलं, आणि लगेच स्वतःच्या रुमालाने रक्तही पुसलं.

“काय करू सायेब, हात आपोआप जातो,” तो मला म्हणाला. पश्चात्ताप औषधालाही नव्हता.

रेणापूरच्या पुढे एक गाव होतं. तिथे टीव्ही नव्हता आणि टँकर आठवड्यातून एकदाच, रविवारी जायचा. घागरींची रांग आदल्या दिवशीच लागलेली असे. गावाच्या घागरी पुढे, बौद्धवस्तीच्या मागे. गाव दोनदोनदा भरून घ्यायचं, आणि वस्तीची पाळी येईपर्यंत टाकी कोरडी. कुणी ठरवलं होतं असं नाही, पण कुणी विचारतही नव्हतं. मीही विचारलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दुसऱ्याच खेपेला वस्तीतल्या एका म्हातारीने घागर पुढे सरकवली, आणि कुणीतरी तिच्या डोक्यात कळशी हाणली. कपाळ फुटलं. मी टँकरच्या आडोशाला सरकलो. हा मात्र टपावर चढला आणि मालिकेतली सकाळची लढाई सांगू लागला. मुंडकं कसं उडालं, पायऱ्यांवरून गडगडत कसं खाली आलं, राणीच्या पायाशी येऊन डोळे कसे मिटले. बाया बघतच राहिल्या. म्हातारीसुद्धा पदर कपाळाला दाबून ऐकत होती.

पुढच्या रविवारी गावच्या बाया सेनापतीच्या बाजूच्या झाल्या आणि वस्तीच्या पहारेकऱ्याच्या. मग यानेच पैज काढली. ज्यांचा माणूस जिंकेल त्यांच्या घागरी आधी.

“मंजूर हाय का?”

“हाव, मंजूर!” गावच्या बाया हसत म्हणाल्या. त्यांना वाटलं, पहारेकरी कितीसा टिकणार! पण मालिका लिहिणाऱ्याने त्याला सात रविवार जिंकवलं. सात रविवार वस्तीच्या घागरी आधी भरल्या, आणि गावालाही पाणी पुरलं. बाया बोटं मोडायच्या, पण शब्द दिला होता. हुकूम नाही, कागद नाही, नुसत्या तलवारबाजीवर हे झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आठव्या रविवारी पहारेकऱ्याने सेनापतीला मारलं. पण मरता मरता सेनापती म्हणाला की तू राजाचाच हरवलेला मुलगा. हॉटेलात टाळ्या पडल्या. ड्रायव्हरने हातातला ग्लास भिंतीवर फोडला.

“सात हप्ते झालं, आपल्या दमावर लढून राहिला तो. आता म्हणून राहिले राजाचं रगत! मंग त्याचं काय राहिलं वो सायेब?”

गावात त्याने ते वाक्य गाळूनच गोष्ट सांगितली. सेनापतीचा कोथळा काढला, आतडी तटावर वाळत घातली. वस्तीच्या बाया घागरी घेऊन पुढे सरकल्या, आणि तेवढ्यात सरपंचांचा पुतण्या बोलला. तो आदल्या दिवशी लातूरला मुक्कामी होता, मालिका पाहून मोटारसायकलवर आमच्या आधीच पोचला होता.

“डायवर खोटं बोलून राहिलाय! त्यो राजाचा पोरगा निघाला. राजाचा म्हंजे आमच्यातलाच. पाणी आमाला आधी!” मग तो माझ्याकडे वळला. “सायेब, तुमीबी बघितलंय. सांगा.”

ड्रायव्हरने वरून माझ्याकडे पाहिलं. एक नकार पुरला असता. पण लहानपणापासून खरं बोलायचं वळण, त्यात सरकारी माणूस. मी म्हणालो, “हो, राजाचाच मुलगा निघाला.”

पुढचं फार झटपट झालं. पहिला दगड टाकीवर वाजला. घागरी घागरींवर आपटल्या. वस्तीच्या दोन बायांना केस धरून फरफटत मागे नेलं. ड्रायव्हर खाली उडी मारून तोटीपाशी गेला आणि पाइप वस्तीच्या घागरींकडे धरून उभा राहिला. त्याच्या पाठीवर काठ्या बसत होत्या. दगड डोळ्यावर लागला तरी त्याने पाइप सोडला नाही, म्हणून लोकांनी पाइपच उपटला. सगळं पाणी मातीत गेलं. त्यात त्याचं रक्तही होतं. मी केबिनमध्ये काचा वर करून बसलो होतो.

त्याचा डावा डोळा गेला. नंतर तो बदली घेऊन भोकरकडे निघून गेला, आणि मला पुन्हा कधी दिसला नाही. मीही शोधायला गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

जाण्याआधी एकदा दवाखान्यात त्याला भेटलो होतो. अर्धं तोंड पट्टीत होतं. मी आणलेल्या मोसंब्यांकडे त्याने पाहिलंही नाही.

“सायेब, वस्तीच्या घागरी भरल्या का वो?”

“भरल्या,” मी म्हणालो. “सगळ्या भरल्या.”

त्याने उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

“त्या दिवशी बोलायचं होतं खोटं,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे कुशीवर वळला.