बांगड्यांखालचं हाड

धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीत जेवायला बसलो होतो. "दादा, स्वाती गेली रे." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि चक्क दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला कळलं... भावाची बायको, चाळिशीही न गाठलेली, ऑफिसात बोलता बोलता खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूतली नस फुटली म्हणे. महिना उलटला, मला अजून ते खरं वाटत नाही.

चिंचवडच्या त्या छोट्या ऑफिसात ती संगणकाला हातांचे एक्स-रे वाचायला शिकवायची. संधिवातानं हाड जिथं कुरतडलं असेल तिथं त्यानं लाल गोल काढायचा. मी हौसेनं माझा जुना एक्स-रे दिला. एकही गोल नाही! "भाऊजी, हाडं नवीकोरी आहेत. वापरलीच नाहीत की काय?" बायकोनं हे साऱ्या नात्यात पोचवलं.

खरी पंचाईत आईच्या हातांनी केली. मुठीचे सांधे असे सुजलेले, की बांगड्या उतरवायच्या म्हणजे फोडायच्या. "ह्यांच्या देखत बांगड्या वाढवू? नको तो फोटो आणि नको ते औषध!" शेवटी बांगड्यांसकट एक्स-रे काढला. यंत्रानं मनगटावरच्या काचेच्या सावल्यांनाच झीज समजून गोलच गोल काढले. ऑफिसातले म्हणाले, असले फोटो वगळू. स्वाती उखडली. "अहो, हे दुखणं बायकांनाच जास्त. त्यांना वगळून कुणाची हाडं बघायची? मशीनला शिकवते मी. सासूला शिकवणं माझ्यानं व्हायचं नाही." मग कितीतरी महिने ती एकेका फोटोत हाडाची कड वेगळी आणि बांगडीची वेगळी आखत बसली.

ती गेली आणि आईनं संधिवाताच्या गोळ्या सोडल्या. "तरणी सून गेली, मी कशाला हात राखू?" मी समजावलं, पण घरात माझं ऐकतो कोण! गेल्या आठवड्यात कसंबसं तिला थेरगावच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक्स-रे वाचायला स्वातीनं शिकवलेलं यंत्रच बसवलंय. पडद्यावर आईचा हात आला, बांगड्यांसकट. मनगटावर एकही गोल नव्हता. फक्त करंगळीच्या मुळाशी, बारीकसा, एकच.

डॉक्टरांनी चित्र मोठं करून पाहिलं. "नवीन आहे. माझ्या नजरेतून सुटलं असतं हे. आजी, गोळ्या आजपासून सुरू."

आई त्या गोलाकडे बघत राहिली... "गेली, तरी लक्ष आहे बयेचं," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर तिनं माझ्यापुढं हात पसरला. "दे ती गोळी. नाहीतर आणखी एक गोल काढून ठेवील."