एका चौकटीत माझं नाव

“मग? मग काय करतोस?” एवढंच विचारायची ती बाई. उत्तर दिलं की पुन्हा, “मग?” तुम्हीही कधी अशा माणसाच्या तावडीत सापडला असाल, तर माझा संताप तुम्हाला वेगळा सांगायला नको.

अमेरिकेत पार्सिपनीला असलेली आमची कंपनी हॉस्पिटलांना औषधं पुरवते. मधूनच एखाद्या दिवशी औषधं उशिरा पोचायची, आणि का ते कुणाला कळेना. गोदामवाले आम्हा आयटीवाल्यांच्या नावानं खडे फोडत, आम्ही त्यांच्या. शेवटी बॉसनं हिला कॉन्ट्रॅक्टवर आणलं, बिझनेस ॲनालिस्ट म्हणून, म्हणजे काम नेमकं कुठं अडतं ते शोधायला. मूळची नागपूरची, पन्नाशीची. प्रत्येकाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. “सांगू नको, करून दाखव.” अरे, मी काय परीक्षेला बसलोय?

माझी एक भानगड होती. आमची सिस्टिम जुनी, ऑर्डरींमधले पत्ते चुकायचे. रोज सकाळी सहाला मी ते गुपचूप माझ्या एक्सेलमध्ये दुरुस्त करायचो. मुद्दामच कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रीन कार्डच्या रांगेत बारा वर्षं उभ्या माणसाची नोकरी गेली, तर गाशाच गुंडाळायचा. माझ्यावाचून अडलं पाहिजे, एवढंच माझं गणित. भारतातून लॉगिन चालत नाही, म्हणून चार वर्षं नाशिकला गेलो नव्हतो. वडील अंथरुणाला खिळलेले, तरीही.

तर या बयेनं काय करावं? औषधं उशिरा गेल्याच्या तारखा मांडल्या आणि शेजारी माझ्या आजारपणाच्या सुट्ट्या. तंतोतंत! मीटिंगमध्ये पडद्यावर आकृती लावली. सगळ्या चौकटींत सॉफ्टवेअरची नावं, एकीत माझं.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. “काकू, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही!”

“तू आजारी पडलास की तिकडे पेशंट खोळंबतो, बाप्पा. आणि तू सुट्टी कधी घेणार?”

“ते माझं मी बघेन!”

लगेच बॉसला मेल ठोकली. ही बाई सगळ्यांचा वेळ खाते, हिच्याबरोबर काम करणं अशक्य आहे. गोदामवाल्यांनी री ओढली. आमचं एकमत झालं ते तेवढंच. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही.

ती गेल्यावर बॉसनं तिचा रिपोर्ट मला वाचायला दिला. ‘ही कामं फक्त याला कळतात. नवी सिस्टिम याच्याच हातून करून घ्या, याला सोडू नका.’ मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिला फोन केला नाही. कुठल्या तोंडानं करणार?

दोन महिन्यांत माझ्याच हातून नवी सिस्टिम उभी राहिली, पत्ते आपोआप सुधारू लागले आणि मी नाशिक गाठलं. वडिलांजवळ अठरा दिवस मिळाले. तेच शेवटचे.

“तुझ्यावाचून चालतं का रे तिथं?” त्यांनी एकदा विचारलं.

“चालतं आता. एका बाईंनी सोय केली.”

“भल्या दिसतात. आभार मानलेस ना त्यांचे?”

“हो, मानले,” मी म्हणालो आणि खाली मान घालून त्यांचे पाय चेपत राहिलो.