पुढच्या ब्रेकला हात लावू नका

आमच्याकडे नवी स्कूटर घरी आली की तिची पूजा होते, चाकाखाली लिंबू चिरडलं जातं आणि मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस ती मेकॅनिककडे नेऊन पुढचा ब्रेक ढिला करून आणतं. खोड्या करायला नव्हे, मायेने. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो, हे चोपड्यापासून शिरपूरपर्यंत लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि ते साफ खोटं आहे. मी स्वतः ते छापून वाटलंय, म्हणून एवढ्या जोरात सांगते.

मी पत्रकं लिहिते. एसटीची फेरी बंद झाली, लिहिलं पत्रक. नळाला आठ दिवस पाणी नाही, पत्रक. एक पान, वर ठळक सवाल, खाली मागण्या. ते खोटं ज्यात छापलं ते पत्रक मात्र घरातल्याच गोष्टीचं होतं.

माझी वहिनी आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. सातपुड्यातल्या पाड्यांवर लशींचा डबा घेऊन स्कूटरने जायची. तिथे बस जात नाही, म्हणजे स्कूटर नाही तर नोकरी नाही. एके दिवशी पाड्यावरून परतताना घाटाच्या उतारावर गाडी घसरली. काम अर्धवट टाकून गेलेल्या ठेकेदाराची खडी वळणावर तशीच पसरलेली होती. वहिनीचा हात मोडला. गल्लीने लगेच निकाल दिला, बाईमाणसाला गाडी दिली की हेच व्हायचं. माझे वडील, म्हणजे आमचे नाना, म्हणाले, नोकरी सोड.

मी नानांशी भांडले. वहिनी भांडली नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी भाकरी थापता थापता मला म्हणाली, "ताई, मलाच आता उताराची भीती वाटते. रजा संपली की राजीनामा देते."

हे मला सहन झालं नाही. मी मला येतं तेच केलं. 'खडी कुणाची, हाड कुणाचं?' असं पत्रक काढलं. मजकूर संपल्यावर खाली दोन बोटं जागा उरली. रिकामी जागा सोडणं म्हणजे पैसे वाया, म्हणून वाहनचालकांना चार सूचना टाकल्या. तिसरी सूचना होती, 'उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नका.'

त्याच रविवारी जळगावहून दोन मोटारसायकलस्वार पोलीस बाजार समितीच्या मैदानावर गाडी शिकवायला आले होते. एक हवालदार, वय पन्नासच्या पुढे, आणि एक तरुण महिला पोलीस. ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या अंथरून त्यांनी वळणं आखली होती. मला संताप आला. रस्त्यावरची खडी उचलायची सोडून आम्हालाच चालवायला शिकवता? मी गठ्ठा काढला आणि पहिलं पत्रक हवालदाराच्याच हातात ठेवलं.

त्याने ते पूर्ण वाचलं. माझी पत्रकं पूर्ण वाचणारी माणसं कमी.

"खडीचं बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "सही कुठे करू? पण ही तिसरी सूचना कुणाची?"

"माझी."

"कशावरून लिहिली?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलेलं छापायला पत्रक कशाला लागतं, ताई?"

 

तो पाना घेऊन मैदानावरच्या स्कूटरच्या रांगेत शिरला. उजव्या हाताची, म्हणजे पुढच्या ब्रेकची मूठ दाबायची आणि पुढे जायचं. "ही ढिली. ही पण. हिचा तर ब्रेक फक्त शोभेचा." माझ्या गाडीपाशी थांबला. माझ्या ब्रेकची मूठ दाबताच थेट हँडलला जाऊन टेकली.

मग पांढऱ्या फक्कीची रेषा आखून मला म्हणाला, रेषेवर आलात की थांबा, तुमच्या सूचनेप्रमाणे. मी फक्त मागचा ब्रेक मारला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, शेपटीसारखं फिरलं, आणि मी धूळ खात कुठच्या कुठे जाऊन थांबले. त्याने तिथे पाण्याची बाटली उभी केली. माझा पुढचा ब्रेक आवळला. पुन्हा रेषा, या वेळी दोन्ही ब्रेक. गाडी नाक खाली करून निमूट उभी राहिली. उलटी पडले नाही. बाटली अजून बरीच पुढे होती; मी जवळजवळ निम्म्याच अंतरात थांबले होते.

"थांबताना सगळं वजन पुढे येतं," महिला पोलीस म्हणाली. "मागचं चाक हलकं होतं, म्हणून घसरतं. तुमच्या वहिनींनी कुठला ब्रेक मारला होता?"

मला विचारायची गरज नव्हती. वहिनीच्या गाडीचा पुढचा ब्रेक नानांनी ढिला करून आणला होता.

त्या दिवशी गठ्ठा परत घरी आणला. माझ्यासोबत पत्रकं वाटणारा आमच्या गटातला मित्र म्हणाला, चूक कबूल करू नकोस, लोक खडीचंही खोटं समजतील. मी म्हटलं, मग ठेकेदारात आणि आपल्यात फरक काय? नवं पत्रक काढलं, 'आम्ही चुकीचं छापलं', आणि आठवडी बाजारात हातोहात दिलं. लोक हसले. पण बाजार उठायच्या आत मेकॅनिककडे ब्रेक आवळायला रांग लागली, ती मी डोळ्यांनी पाहिली.

वहिनीच्या गाडीचा ब्रेक आवळून घेतला आणि तिला मैदानावर नेलं ते ओढूनच. महिला पोलिसाने तिला आधी गाडी चालवायला दिलीच नाही. बंद गाडी हाताने ढकलत न्यायची आणि ब्रेक दाबायचा. "लिंबू पिळतो तसा पिळायचा, वहिनी. चिरडायचा नाही. आणि चाकाकडे बघू नका. जायचंय तिकडे बघा." मग चालवताना खडी दिसली की आधीच, सरळ रस्त्यावर वेग कमी करायचा, खडीवर गाडी शांतपणे जाऊ द्यायची. तीन रविवार हेच.

मधल्या वेळात महिला पोलीस स्वतःची मोटारसायकल नळ्यांच्या फेऱ्यात माणसाच्या चालीने फिरवायची, पाय जमिनीला न लावता. मी विचारलं, सुट्टीच्या दिवशी हा उद्योग कशाला? म्हणाली, "आठवडाभर मंत्र्यांच्या ताफ्यापुढे धावते. ती गाडी सरकारची, वेगही सरकारचा. रविवारची गाडी माझी." हवालदाराच्या टाकीवरचा रंग तर गुडघे घासून उडाला होता. नवा रंग द्या म्हटलं तर म्हणाला, "एवढी वर्षं घालवून काढलाय तो."

रजेचा शेवटचा दिवस उजाडला. हवालदार महिला पोलिसाला घेऊन आमच्या घरी आला. नाना खाटेवरून उठले नाहीत, पडल्या पडल्याच सुनेबद्दल अहिराणीत म्हणाले, "साहेब, तुमी पोलीस शेतस, तुमले जमस. आमनी वऊले नही जमाव."

हवालदार मूळचा धुळ्याचा निघाला; त्याने चहा बशीत ओतला आणि अहिराणीतच म्हणाला, "नाना, मी बी धुयाना शे. मना बापनी बी मना ब्रेक ढिला करेल व्हता."

"मंग?"

"मंग काय, दोन दात पडनात." त्याने ओठ वर करून बसवलेले दात दाखवले.

नाना हसले नाहीत, पण उठून बसले. म्हणाले, तोच उतार उतरून दाखवू दे, मी खाली उभा राहतो. घसरली तर राजीनामा.

लगेच निघालो. वहिनी हवालदारासोबत वर गेली. महिला पोलिसाने वळणाच्या खाली फक्कीची रेषा आखली, वहिनीने तिथे थांबायचं. मी नानांना कडेला उभं केलं होतं. वरून गाडीचा आवाज आला आणि नाना सरळ चालत रस्त्याच्या मधोमध गेले. रेषेच्या चार पावलं पुढे, दोन्ही हात पसरून. स्कूटरसकट सुनेला झेलणार होते ते. मी ओरडले, त्यांनी ऐकलं नाही.

वहिनी वळणावर दिसली. खडी अजून तशीच होती. तिने खडीच्या आधी वेग कमी केला, गाडी खडीवरून संथ पुढे आली, वहिनीची नजर वर, नानांच्याही पलीकडे. मग दोन्ही मुठी. चाक रेषेच्या अलीकडेच थांबलं.

नानांचे हात पसरलेलेच.

"नाना, सरका," ती म्हणाली. "गाडी वळवायचीय."

"आते कोठे?"

"उद्या लसीकरण आहे. पाड्यावर सांगून येते."

तिने त्या अरुंद रस्त्यात गाडी एका दमात वळवली, पाय खाली न टेकवता. महिला पोलीस नानांना एवढंच म्हणाली, "बघा." नाना हात खाली घेऊन कडेला आले, आणि स्कूटर चढाला लागली.