बसायला की बसायला

पेल्यात बोट बुडवायचं, पायाशी फरशीवर तीन थेंब उडवायचे आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणायचं, "बसा. उभ्यानं फक्त ड्यूटी करायची."

आमच्या सुभेदारांची संध्याकाळ अशी सुरू व्हायची. ते तीन थेंब पडेपर्यंत आमच्या गावात सूर्य मावळत नसे. शेजारच्या आष्ट्यात दिवेलागण झालेली असायची आणि इकडे उसाच्या शेंड्यावर सूर्य आपला ताटकळत उभा. तुम्हाला खोटं वाटेल. मी समोरच्या खुर्चीत असायचो.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. सुभेदारांची विहिरीवरची मोटार जळाली, मी ती भरून पोचवायला गेलो आणि ते म्हणाले, "बसा." मी बसलो. तो जो बसलो, तो सुभेदार असेपर्यंत रोज बसलो.

आता बसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे "पितोस का" असं कुणी विचारत नाही. "बसायचं का" असं विचारतात. समोरचा नुसता हसला तरी दोन खुर्च्या आणि शेंगदाणे येतात. सुभेदारांकडे त्यात मिलिटरी कॅंटीनची रम असायची, वर कढत पाणी. एकच पेग, पण रोज. त्यांच्या मिश्या अशा, की वळीव आला तर दोन चिमण्या त्यांच्याखाली आडोशाला थांबाव्यात. पेला स्टीलचा. "काचेच्या ग्लासात किती हाय ते शेजाऱ्याला दिसतंय," ते म्हणायचे, "स्टीलमधलं पिणाऱ्यालाच ठावं." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून माझा एवढा गोंधळ झाला.

त्या तीन थेंबांवर घराच्या पुढच्या सोप्यातल्या मुंग्या पोसल्या होत्या. रमचा पहिला मान जमिनीला, असं सुभेदार म्हणायचे. प्रत्यक्षात तो मान मुंग्या घ्यायच्या. येताना शिस्तीत, एका रांगेत, जाताना एकमेकींच्या अंगावर पडत. एक मुंगी तर रोज चुकून उलटी सोप्यातच यायची आणि सकाळी सुभेदारांच्या बुटात सापडायची. त्यांनी तिला बढती देऊन नायक केलं होतं.

मी पण त्यांचं बघून माझ्या पायाशी थेंब उडवायला लागलो. पण माझ्याकडे मुंग्या कमी यायच्या. सिव्हिलियन माणूस.

घरात सुभेदार आणि त्यांची मुलगी. आई पोरीच्या लहानपणीच गेलेली. मुलगी सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स. तिथंच रक्त तपासणारा जतचा एक मुलगा तिला आवडला. त्यांचं पिढीजात मेंढपाळांचं घर, आता थोडी जिरायत ज्वारी. मुलाच्या वडिलांनी जात बघितली नाही, जमीन विचारली नाही. त्यांची एकच अट होती. त्यांचा थोरला मुलगा दारूनं गेला होता. जिथं दारू आहे त्या घराशी सोयरीक नाही.

मुलीनं हे सांगितलं तेव्हा मी समोरच होतो. सुभेदारांनी पेला खाली ठेवला. तो अर्धा होता, हे मी आवाजावरून ओळखलं.

"मग सांगून टाकू," ते म्हणाले, "मी रोज घेतो म्हणून."

"सांगितलं तर सोयरीक मोडल, आण्णा," मुलगी म्हणाली. "न्हाई सांगितलं तर खोटं पडल. काय करायचं ते तुमी बघा. पण खोटं तेवढं करू नका."

एवढं बोलून ती आत गेली आणि आम्ही दोघं लढाईत दारूगोळा संपल्यासारखे एकमेकांकडे बघत बसलो.

गावानं आपापसात ठरवलं, की जतचं कुणी चौकशीला आलं तर खोटं बोलायचं नाही आणि दारूचा शब्दही काढायचा नाही. पोरगी सगळ्यांची लाडकी. कुणाच्या घरातलं सलाईन तिनं लावलं नाही असं घर नव्हतं.

आणि एके सकाळी जतचे पाव्हणे, म्हणजे मुलाचे वडील, थेट माझ्या दुकानात आले. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, पायात असल्या वहाणा की त्यांचा आवाज ऐकून दुकानातल्या जळक्या मोटारी आपोआप सुरू व्हाव्यात. पंपाचा काहीतरी भाग विचारायचं निमित्त केलं आणि मग हळूच म्हणाले, "ते सुभेदार कसे हायत?"

मी म्हणालो, लाखात एक. देवमाणूस. रोज संध्याकाळी बसतात.

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पण पाव्हण्यांचा चेहरा उजळला.

"बसत्यात? घरातच?"

"सोप्यात."

"बाहीर भटकत न्हाईत?"

"छे. एकदा बसले की जेवणवेळेपर्यंत उठत नाहीत."

"एकलेच बसत्यात?"

"मी असतो की सोबतीला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या मठातला शिष्य आहे. तिथून ते न्हाव्याकडे गेले. न्हावी म्हणाला, बसतात. गिरणीवाला म्हणाला, वर्षानुवर्षं बसतात, नेम चुकलेला नाही. डेअरीवरच्या म्हातारीनं तर कहर केला. म्हणाली, आवं, बसले की त्यास्नी जगाचं भान नसतं.

परत जाताना पाव्हणे दुकानाशी थांबले. "मिस्त्री, सुभेदारांना निरोप द्या. मंगळवारी संध्याकाळी येतो म्हणावं. मलाबी बसायचंय."

मी निरोप दिला. सुभेदार उठून उभे राहिले. संध्याकाळच्या वेळी त्यांना उभं असलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"बसायला येतो म्हणला, का बसायला येतो म्हणला?"

"बसायला येतो म्हणाले."

"अरं, पण कुठलं बसायला?"

"ते मी कसं विचारू?"

"कसा म्हणला, ते सांग. हसत म्हणला का गंभीर?"

मला आठवेना. फेट्याखाली चेहरा कुठं संपतो आणि मिशी कुठं सुरू होते, हेच मला कळलं नव्हतं. सुभेदारांनी सोप्यात येरझाऱ्या घातल्या. माणूस नुसता बसायला येत असेल आणि आपण रम पुढं केली, तर पोरीचं लग्न त्याच खुर्चीत मोडलं. माणूस खरंच बसायला येत असेल आणि आपण सरबत दिलं, तर हे लोक आपल्याला फसवतायत असं त्याला वाटणार. रम सरबतासारखी द्यावी तर खोटं. सरबत रमसारखं द्यावं तर तेही खोटं. चीनच्या सरहद्दीवर ज्या माणसानं बर्फात रात्री काढल्या, तो माणूस दोन स्टीलच्या पेल्यांपुढं हरला होता.

मंगळवार आला. पाव्हणे आले. खुर्ची दिली तर तीत न बसता भिंतीला टेकून घोंगड्यावर बसले. सुभेदार स्वतः आत गेले आणि तीन पेले घेऊन आले. वाकून माझ्या कानात म्हणाले, "तुझ्यात नेहमीचं हाय." बाकीच्या दोघांत काय आहे, ते सांगितलं नाही.

सुभेदारांनी बोट बुडवलं, थेंब उडवले. पाव्हण्यांनी बघितलं आणि त्यांनीही तसंच केलं. मग दोघांनी पेला तोंडाला लावला. डोळे मिटले. बसले.

बसले म्हणजे असे बसले, की भिंतीवरची पालसुद्धा कंटाळून निघून गेली. कुणी बोलेना. मी जन्मात एवढा वेळ गप्प राहिलो नव्हतो. माझ्या पोटातली रम बोलायला बघत होती आणि मी तिला दाबून धरत होतो. मुलगी दाराआड उभी होती. तिची बांगडी वाजली की सुभेदारांची मिशी हलायची.

मध्येच पाव्हण्यांनी पेला पुढं केला. "आजून थोडं."

सुभेदारांचं तोंड पांढरं झालं. तरी ते उठले, पेला घेऊन आत गेले, परत आणून दिला. पाव्हण्यांनी तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, "साकु."

घोंगडं झटकलं आणि निघून गेले.

साकु म्हणजे काय? आम्हाला कानडी यायचं नाही. न्हावी म्हणाला, साकु म्हणजे हलकट. गिरणीवाला म्हणाला, साखरेचं काहीतरी असणार, गोड झालं असेल. सुभेदार त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी मुलीनं सांगलीला त्या मुलाला फोन लावला. साकु म्हणजे पुरे. आता पुरे म्हणजे पेल्यातलं पुरे, की ही सोयरीक पुरे? पुन्हा गोंधळ. दुपारी पाव्हण्यांचाच फोन आला. तारीख धरा म्हणाले.

लग्न झालं. मेढ्याहून आलेल्या बॅंडवाल्यांनी असं वाजवलं की उसाला तुरे वेळेआधी आले. पण माझ्या डोक्यातला किडा काही शांत होईना. त्या पेल्यांत होतं काय?

सुभेदारांना विचारलं की म्हणायचे, "स्टीलमधलं पिणाऱ्यालाच ठावं." ते रोज तसेच बसायचे. बोट, थेंब, "बसा." कॅंटीनमधून बाटल्या येत होत्याच. त्यांच्या अंगाला वास यायचा, पण तो तोंडापेक्षा गुडघ्याकडून जास्त यायचा. म्हणायचे, सांधे धरलेत, चोळतो. आता जो माणूस गुडघ्याला रम चोळतो, तो पीत नाही असं तुम्ही म्हणाल का? आणि गोष्टी तर अशा सांगायचे, की शुद्धीतला माणूस सांगणार नाही. सरहद्दीवर मिशीवर रम गोठली आणि ती मोडून त्यांनी अख्ख्या तुकडीला वाटली, ही गोष्ट लग्नानंतरचीच. डोळे लाल. आवाज चढलेला. मी म्हणायचो, घेतायत. शंभर टक्के घेतायत.

मुंग्या मात्र त्यांच्या खुर्चीकडे यायच्या बंद झाल्या होत्या. मला वाटलं, लग्नाच्या साफसफाईत मुलीनं पावडर टाकली असेल. सगळ्या माझ्या पायाशी यायला लागल्या. मला अभिमान वाटला. आणि माझा पेला हल्ली जरा जड लागायचा, घरी जाताना रस्ता जरा रुंद वाटायचा. त्याला मी वयाचा दोष दिला.

गेल्या थंडीत सुभेदार गेले. दुपारी विहिरीवर मोटार सुरू करून आले, सोप्यात खुर्चीत टेकले आणि उठले नाहीत. बसल्या बसल्या. मोटार चालूच होती. मी जाऊन बंद केली.

दिवसकार्य झाल्यावर त्या संध्याकाळी सोप्यात मी आणि जतचे पाव्हणे असे दोघंच होतो. ते पूर्वीसारखे भिंतीला टेकून घोंगड्यावर. सुभेदारांची खुर्ची तिच्या जागी. मी शेवटी विचारलंच.

"पाव्हणं, त्या मंगळवारी पेल्यात काय होतं?"

"काय न्हवतं," ते म्हणाले. "दोनी पेले रिकामे हुते."

मला कळेना. मी म्हणालो, तुम्ही तर बोट बुडवलं, प्यायलात.

"त्यांनी केलं, मी केलं. वास घेतला तर कळलं, ह्या पेल्यात काल हुतं. आज न्हाई." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "म्हटलं बघू. आजून थोडं मागितलं. आत गेले, आनि पुन्यांदा रिकामाच आनून दिला. घाबरले हुते. पन भरला न्हाई, आनि दुसरं कायबी ओतलं न्हाई. तवा म्हटलं, साकु."

"म्हणजे बसतात म्हणजे काय, ते तुम्हाला..."

"मिस्त्री, जतला माणसं बसत न्हाईत व्हय? माझा थोरला रोज बसायचा."

 डोक्यात हिशेब सुरू झाला आणि तो काही केल्या लागेना. त्या मंगळवारनंतर सुभेदारांचा पेला कधी भरलाच नसेल, तर ती मिशीवर गोठलेली रम? ते लाल डोळे? एवढी वर्षं मी एका रिकाम्या पेल्याला ऐकत बसलो होतो? आणि कॅंटीनच्या त्या बाटल्या? दोन गुडघे चोळून चोळून किती पिणार?

तेवढ्यात मुलगी दोन पेले घेऊन आली. एक सासऱ्यांपुढं ठेवला. तो टेकताना घंटेसारखा वाजला. एक माझ्या हातात दिला. जड.

"आण्णांनी सांगून ठेवलं हुतं," ती म्हणाली. "काकांचा तेवढा काठोकाठ द्यायचा. त्या मंगळवारपास्नं दोघांचं ते एकातच ओतायचे."

पाव्हण्यांनी कोरडं बोट कोरड्या पेल्यात बुडवलं आणि जमिनीवर उडवलं. मी पण उडवलं. माझ्या पायाशी तीन थेंब पडले, मुंग्या आल्या. त्यातली एक रांग सोडून सुभेदारांच्या खुर्चीकडे गेली. तिथं फरशी कोरडी. ती तिथंच गोल फिरत राहिली.

मी पुन्हा बोट बुडवलं. तिथं तीन थेंब टाकावेत, की ज्या माणसानं पोरीसाठी सोडली त्याच्या खुर्चीपाशी टाकू नयेत, मला कळेना. बोटावरची रम मनगटापर्यंत ओघळली. मी केव्हा उठून उभा राहिलो, तेही मला कळलं नव्हतं.

"बसा, मिस्त्री," भिंतीकडून पाव्हणे म्हणाले.

कुठलं, ते मी विचारलं नाही. बसलो.