गुरुवारची पिल्लं

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि चाकणच्या अलीकडे आमच्या पत्र्याच्या शेडात एक पाव्हणा बटेरं पाळत होता. दार उघडायच्या आधी तो पत्र्यावर तळहात टेकवायचा. डॉक्टर छातीला नळी लावून उभा राहतो, तसा थोडा वेळ उभा. मग मागं वळून म्हणायचा, "आबा, नजर हटली की माल गेला."

हे त्याचं कंपनीतलं बोलणं. माणूस बीडकडचा. आकुर्डीला एका कारखान्यात सगळी जवानी प्रेस मशीन चालवली. लॉकडाउननंतर काढून टाकलं, तेव्हा बायको आणि मुलीला गावी धाडलं, भाड्याची खोली सोडली आणि आमच्याकडं शेड मागायला आला. नाव लिहीत नाही. आम्ही घरातले सगळे त्याला पाव्हणाच म्हणायचो. बटेरांची एक खेप नीट उभी राहिली की दोघींना परत आणायचं, एवढ्यासाठीच तो राबत होता.

तुम्ही बटेराचं पिल्लू पाहिलंय का? आपल्या रानातल्या लाव्हरीचीच ही जात. अंड्यातून निघतं तेव्हा अंगठ्याएवढं, पिवळं-काळं, भुंग्यागत पळतं. पाण्याच्या ताटलीत बुडून मरतं, म्हणून ताटलीत गोट्या टाकाव्या लागतात. असलं नाजूक. आणि तेच पिल्लू शेजारच्याचं पोट पोखरून खातं.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी ठाम सांगितलं, "मुंगूस हाय."

"मुंगूस उचलून नेतंय की आबा. हे हितंच खाल्लंय. चोची बगा त्यांच्या."

मी बघितल्या. पण आमच्या घरात आजोबापासून कोंबड्या. मी दुसरी शिकलोय, तरी पाखरातलं मला कुणी शिकवायचं नाही. शेडाबाहेर खुर्ची टाकून काठी घेऊन बसलो. दुपारी गवत हललं, मी काठी हाणली. सुनेचं मांजर निघालं. सून पुढं कितीतरी दिवस मला चहा आदळून द्यायची. पाव्हणा मात्र तोंडावर हात धरून म्हणायचा, "मुंगूस लई पाळीव होतं आबा."

मग गुरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. बाई हुशार. म्हणाल्या, उजेड फार आहे, गर्दी फार आहे, खाद्य बदला, लाल बल्ब लावा, म्हणजे रक्त दिसणार नाही. पाव्हण्यानं बंद पडलेल्या कारखान्यातले पांढरेफेक दिवे आणून टांगले होते. त्याचा हिशेब असा, की भरपूर उजेड असला की काम चांगलं होतं. ते उतरवले. शेड आतून लाल झालं, डोळे मिटून उन्हाकडं तोंड केल्यावर दिसतं तसं. एकमेकांना खाणं कमी झालं.

मरणं कमी झालं नाही.

आता पिल्लं एका कोपऱ्यात ढिगानं मेलेली सापडायची. अंगाला जखम नाही, पिसू नाही, चोच मिटलेली. बाईंनी चिरून बघितली. "आत काही सापडत नाही," म्हणाल्या, आणि कात्री धुताना पुन्हा एकदा ढिगाकडं बघितलं.

मरायची ती गुरुवारी. आमच्याकडं कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "नारळ फोडा राव, जागेचं कायतरी असंल." मी त्याला हाकललं. जागा माझ्या बापाची. तिथं आमचा भुईमूग व्हायचा.

शेडाच्या पाठीमागं भिंतीला लागून तापलं लोखंड ठोकून घडवणारी फोर्जिंगची कंपनी आहे. तिथला हॅमर दिवसरात्र पडत असतो. धप्प. दमानं पुन्हा धप्प. आमच्या मांडणीवरची भांडी हलतात, पण तो आवाज आमच्या कानांना आता ऐकू येत नाही. पाव्हण्याला यायचा. बाजेवर पडल्या पडल्या त्याची बोटं बाजेच्या लाकडावर तशीच पडायची, झोपेतसुद्धा. मी एकदा हटकलं तर म्हणाला, "बायको तर माझा हातच धरून झोपायची. म्हणायची, खोलीत बी शिफ्ट चालू ठेवताय."

एका गुरुवारी सकाळी आम्ही दोघं आत होतो. पिल्लं दाण्यावर तुटून पडली होती. तिकडं हॅमर थांबला. पिल्लं थांबली. सगळी, एकदम, कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यासारखी. चिवचिव नाही. मग एकेक करून कोपऱ्याकडं चालू लागली. पळत नव्हती हो, चालत होती. तिथं पोचली की एकमेकांवर चढायची आणि डोळे मिटायची. आम्ही ओंजळीनं उचलून पसरवली. पुन्हा चालू लागली.

पाव्हण्यानं कंपनीच्या भिंतीकडं बोट केलं. "आबा, ही हितल्याच पेटीत उबवलीत. अंड्यात होती तवापासून तो आवाज ऐकत्यात."

त्यानं मोठा पाना उचलला आणि शेडाच्या लोखंडी खांबावर हाणला. कोपऱ्यातल्या माना हलल्या. दम धरून पुन्हा हाणला. पिल्लं ढिगातून उतरायला लागली. जरा वेळानं मीही पाना मागितला. गावच्या लेझमीत हलगी माझ्याकडं होती, सबंध मावळाला ठाऊक आहे. चार ठोके हाणले, तर पिल्लं पुन्हा कोपऱ्याकडं वळली.

"आबा, तुमी वरात काढाय लागला. द्या हिकडं."

राग आला, पण दिला. तो मोजत नव्हता. खांदा आपोआप उठायचा, पडायचा. त्या दिवशी एकही पिल्लू गेलं नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. रस्त्यानं जाणारी पोरं विचारायची, "आबा, शेडात काय बनतंय?" मी म्हणायचो, "बटेरं बनत्यात."

दिवाळी आली. कंपनीला सलग सुट्टी लागली आणि नेमकी नवी खेप अंड्यातून निघालेली. त्यानं बायकोला फोन केला, पाडव्याला पोरीला घेऊन ये, यावेळी खेप उभी राहतेय. मग आत जाऊन ठोके सुरू केले. आम्ही फराळ नेला की तो डाव्या हातानं खायचा. मी दटावलं, "मरशील की रं, जरा पड." तर म्हणाला, "ती येस्तोवर आबा. तिला जित्ती दाखवायचीत."

पाडव्याच्या दुपारी मी ओसरीवर बसलो होतो. ठोके थांबले.

म्हणलं, पाणी पीत असंल. थोडं थांबलो. मग गेलो.

तो खांबाला टेकून बसला होता, पाना मांडीवर. अंगाला काही झालेलं नव्हतं, तोंड मिटलेलं. पिल्लं कोपऱ्यात नव्हती. सगळी त्याच्या अंगावर होती, मांडीवर, पोटावर, सदऱ्यात, गळ्याशी. जिवंत होती. मी वाकलो तरी एकही उठलं नाही. लाल उजेडात त्यांचे डोळे उघडे दिसत होते. त्याच्या पायांकडं मी बघितलं. अंगठ्यांच्या कडा टोचून टोचून उकरलेल्या होत्या. खांद्यावरचा टॉवेल फाडून मी दोन्ही पाय बांधले. नंतर त्याच्या बायकोनं विचारलं तेव्हा चटका बसला होता म्हणून सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. त्या दोघी संध्याकाळच्या एसटीनं उतरल्या त्या थेट घाटावरच आल्या. मुलगी मोठी होती, रडली. बाई रडली नाही. एकदाच विचारलं, "पाखरं कुठायत?"

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला मी शेड उघडलं. कोपऱ्यात ढीग होता, त्यातली वरची अजून हलत होती. मी पाना घेतला आणि जमेल तसा ठोकू लागलो. एकही उतरेना. दारात सावली पडली. ती बाई चप्पल बाहेर काढून आत आली. कोपऱ्याकडं बघितलं, खांबाकडं बघितलं, हात पुढं केला. मी पाना दिला. तिनं डोळे मिटले, जरा थांबली आणि ठोका दिला. मग दुसरा. अगदी त्याचा.

ढिगातून एक पिल्लू खाली उतरलं. त्याच्यामागं दुसरं.

मी ताटलीतलं शिळं पाणी ओतून दिलं, गोट्या धुतल्या आणि ताजं पाणी भरलं.