सोमवारी डिस्कवर कोण बसलं होतं

अन्याय झाला तो रिपोर्टचा प्रोग्राम लिहिणाऱ्या आमच्या सहकारिणीवर, आणि झाला सोमवारी सकाळी पावणेदहाला, भर हॉलमध्ये. सिकंदराबादच्या आमच्या ऑफिसात परदेशी दवाखान्यांच्या नोंदी तपासायचं काम चाले. तिचा प्रोग्राम रोज साडेनऊला सुरू व्हायचा, आणि दर सोमवारी त्याच सुमारास सगळ्यांच्या संगणकांचे पडदे थिजायचे. पुण्याहून आलेले आमचे साहेब उभे राहून म्हणाले, सर्व्हर हिच्यामुळे बसतो, हिचा करार वाढवायचा तरी कशाला? करार त्याच आठवड्यात संपत होता. उदारीकरणाने आम्हाला काचेची ऑफिसं दिली, तशी माणसाला दोन ओळींत घरी पाठवायची सोयही दिली.

मी तेव्हा कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. डोक्यात मथळासुद्धा तयार झाला होता. पण सर्व्हर सांभाळणारी अक्का मध्ये पडली. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बेगम बाजारात दखनी बोलत वाढलेली बाई. कुणाला घाबरायची नाही.

"पत्रक खिशात ठेव रे," ती मला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "नाव घ्यायची घाई नक्को, साहेब. डिस्कवर कोण बसलंय ते बघू की आधी."

आम्ही चौघं सर्व्हरच्या खोलीत गेलो. अक्काने पडद्यावर आयओटॉप लावला. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. लिनक्सवर चालणारा एकेक प्रोग्राम, आणि त्याच्यापुढे तो या घडीला डिस्कवरून किती वाचतोय, किती लिहितोय ते. जो जास्त ओढेल तो वर. तिथे कुणाचा हुद्दा नव्हता, कुणाचा करार नव्हता. ज्याचं त्याच्याच माथी. हेच तर आम्ही सभांमधून घसा फोडून मागत होतो, आणि हे यंत्र ते मुकाट्याने करत होतं! मी खुळ्यासारखा बघत राहिलो.

सगळ्यात वर होता नोंदींची राखीव प्रत काढणारा बॅकअप. रिपोर्ट पार खाली, आपली पाळी यायची वाट बघत.

बॅकअप तर आठला होतो, साहेब म्हणाले. अक्काने आठवण करून दिली, की सोमवारी आठला राहुकाळ असतो. हैदराबादेत आल्यापासून साहेब राहुकाळ इथल्या लोकांपेक्षा कडक पाळायचे. त्या वेळात कुठलंच काम सुरू करायचं नाही, बॅकअपसुद्धा. म्हणून फक्त सोमवारचा बॅकअप त्यांच्याच हुकमाने साडेनऊवर गेला होता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि पडदे थिजण्याशी त्याचा संबंध लावायचं एकालाही सुचलं नव्हतं.

अक्काने बॅकअप थांबवला. बाहेर हॉलमध्ये कीबोर्ड पुन्हा वाजू लागले.

साहेब केबिनकडे निघाले, तेव्हा ती सहकारी दारात उभी राहिली. "सर, मघाशी सगळ्यांसमोर बोललात. हेही तिथेच बोला."

साहेब बोलले. आवाज मघाइतका मोठा नव्हता, पण हॉलमध्ये उभे राहून बोलले. करार वाढला.

आता तुम्ही. तुमच्या ऑफिसात मशीन मंदावलं, की आधी डिस्कवर कोण आहे ते बघा, मग तोंड उघडा. आणि चुकीचं नाव आधीच घेऊन बसला असाल, तर जिथे घेतलंत तिथेच उभे राहून परत घ्या. आजच.